भोंग्यावर न वाजणारं गाणं

माझं दुकान गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली रेकॉर्डिंगची खोली, वर पत्र्याचं छप्पर आणि छपरावर भोंगा. पाटीवर 'जाहिरात, प्रचार, लग्नगीते, भजने, हरवले-सापडले' असं सगळं लिहून ठेवलं आहे, पण पाटी कोणी वाचत नाही. लोक चप्पल काढून आत येतात आणि म्हणतात, "ताई, एक आवाज काढून द्या."

आवाज काढून देणं हाच माझा धंदा. वीस वर्षं झाली. सुरुवातीला सगळ्या जाहिराती मीच बोलायचे, कारण माझा आवाज खणखणीत आहे आणि लग्नाआधी घरच्यांनी त्याला फक्त नावंच ठेवली होती. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना तांदळाच्या मिलमधून आणलेल्या बारदानाचे तीन थर ठोकले आहेत. बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी आत कळत नाही. आत कोणी ओरडलं तरी बाहेर कळत नाही. पावसाळ्यात खोलीला कोंड्याचा वास येतो, तेवढा एकच दोष.

गिऱ्हाइकं नमुनेदार. दवनीवाड्याच्या एका गृहस्थांची म्हैस हरवली होती. 'हरवली आहे' ही घोषणा मी माझ्या आवाजात करून देते म्हटलं, तर ते ऐकेनात. म्हणाले, तुमचा आवाज म्हशीला ओळखीचा नाही. मग त्यांनीच माइकसमोर उभं राहून म्हशीला नावानं हाका मारल्या आणि भोंगा बांधलेला ऑटो त्या हाका वाजवत दोन दिवस चार गावांतून फिरला. म्हैस सापडली. आवाजाला ओ देऊन आली नाही, शेजारच्या गावात कोणाचं तरी तणीस खाताना दिसली. पण त्या गृहस्थांचा विश्वास आजही आवाजावरच आहे. दुसरे एक ग्रामपंचायतीचे उमेदवार. निवडून आले नाहीत, पण त्यांचं प्रचारगीत इतकं बसलं होतं की गावातली पोरं त्यांना पाहिलं की तेच म्हणायची. ते येऊन विचारू लागले, ताई, गाणं परत घेता येते का? मी म्हटलं, भाऊ, आवाज एकदा भोंग्यातून गेला की माझा नाही आणि तुमचाही नाही.

भोंग्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. भोंगा हे फार लांब पोचणारं आणि फार कमी समजणारं यंत्र आहे. ढोलकीचा घुमारा त्याच्यातून बाहेरच येत नाही. सनई येते, टाळ येतात, ठणठणीत बोललेला माणूस येतो. कुजबुज, उसासा, हळूच घेतलेला स्वर तो गिळून टाकतो. म्हणून आमच्याकडे गाणं भोंग्याच्या बेतानं करतात. पहिली ओळ मोठी, शब्द पुढे, घुमारा कमी. आणि माझा नियम असा की काम गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी छपरावरच्या भोंग्यावर एकदा वाजवायचं. बटण दाबायचं, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून ऐकायचं. तिथे शब्द कळला तर गावभर कळतो. साऱ्या रस्त्याला हे ठाऊक आहे. माझा, म्हणजे वनिताबाईचा, भोंगा वाजला की लोक हातातलं काम ठेवून ऐकतात, कोणाकडे काय ठरलं ते कळावं म्हणून.

लग्नाच्या गाण्यांत दुसरा एक नियम आहे आणि तो माझा नाही, गावाचा आहे. गाण्यात नातेवाइकांचा उल्लेख आला पाहिजे, आणि वयाच्या क्रमानं आला पाहिजे. पत्रिकेत नाव चुकलं तर छापखान्यावर ढकलता येतं. गाण्यात राहिलं तर मुद्दाम राहिलं असंच समजतात. एकदा धाकट्या मामाचं नाव थोरल्याच्या आधी आलं, तर थोरले मामा मांडवात येऊन जेवले नाहीत. नुसते बसून राहिले, लोकांना दिसेल असे.

पूर्वी अशा गाण्यांना मी माणसं बोलवायचे. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवणारे, ढोलकीवाला, गाणारी एखादी बाई. आता कॉम्प्युटरवर एआयची यंत्रं आली आहेत. शब्द लिहून द्यायचे, कसं गाणं हवं ते लिहायचं, मिनिटभरात गाणं तयार. मी ती वापरते. न वापरणारी दोन दुकानं गोंदियात बंद झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे यावर फार विचार करत बसले नाही. माणसांना बोलावणं मात्र कमी झालं, आणि ते बरं वाटत नाही, एवढं नोंदवून ठेवते.

आता टेंभरे भाऊंचं काम.

हेमराज टेंभरे यांचं कापडाचं दुकान माझ्या दुकानापासून जवळच आहे. त्यांची मुलगी पल्लवी शेतीचं शिकली आणि धानावर संशोधन करायला ब्राझीलला गेली. त्या देशाच्या दक्षिणेकडे आपल्यासारखाच धान होतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिथेच काम करणाऱ्या राफाएल नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं, आणि लग्न गोरेगावात करायचं ठरलं. भाऊ येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, नवरदेवाची आजी येऊन राहिली तिकडून. एवढ्या दुरून म्हातारी येते तर तिच्या पद्धतीचं गाणं पाहिजे. पण आपल्या लोकायचा उल्लेख पाहिजे त्यात."

मी विचारलं, तिच्या पद्धतीचं म्हणजे कसं?

"मले काय माहीत? फुटबॉलवाले लोकं आहेत, जोशात असन."

मी यंत्राला लिहिलं: ब्राझील, लग्न, आनंद. त्यानं चाळीसएक ढोल आणि शिट्ट्या लावून दिल्या. आमच्याकडच्या वरातीत ट्रकवर ढोलांचं धुमाल वाजतं ना, तेच, फक्त शिट्टीवाला वेगळा. भाऊ खूश झाले, मान हलवू लागले. मी ते पल्लवीला पाठवलं, तर तिचा लगेच फोन आला. "ताई, हे कार्निव्हलचं आहे. व्होव्होला हे मुळीच चालत नाही. मिरवणूक आली की ती खिडक्या लावून घेते." व्होव्हो म्हणजे त्यांच्याकडे आजी. मला ती बाई तिथूनच आवडायला लागली.

मग पल्लवीनं समजावून सांगितलं. व्होव्हो तरुण होती तेव्हा तिकडे एक नवीन गाणं निघालं, त्याला बोसा नोव्हा म्हणतात. ढोलांचा ताल तोच, पण ढोल काढून टाकलेले. एक गिटार, ती बोटांनीच वाजवायची. आणि गाणारा गात नाही, जवळ बसून बोलल्यासारखं करतो. मी विचारलं, एवढं हळू का? ती म्हणाली, "हे लोक समुद्राकाठच्या फ्लॅटमध्ये जमायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू गायचे. व्होव्हो तरी असंच सांगते."

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून संगीत. मी वीस वर्षं नेमकं याच्या उलट करून पोट भरलं आहे. म्हटलं, बघू तरी.

दुसऱ्या वेळी मी यंत्राला नुसतं 'बोसा नोव्हा' एवढंच लिहिलं. आलं ते गोड होतं, पण त्यात काही नव्हतं. राफाएलनं ऐकून निरोप पाठवला की बँकेला फोन लावून थांबलं की जे वाजतं, तसं हे आहे. तो बरोबर होता. या यंत्रांचं असं आहे की त्यांनी जगातली गाणी ढीगभर ऐकलेली असतात. नाव सांगितलं की ढिगातलं जे सगळ्यात जास्त तेच ताटात वाढतात. ज्याला खरोखर एखादी चव हवी, त्यानं पदार्थाचं नाव सांगून उपयोग नाही. किती तेल, किती वेळ परतायचं, ते एकेक सांगावं लागतं.

मग मी एकेक लिहायला लागले. गिटारला नायलॉनच्या तारा. बासरी नको, हॉटेलसारखी वाटते. ढोल नको, झांजेवर ब्रश फिरवल्यासारखा आवाज चालेल. गाणाऱ्याचं तोंड माइकला चिकटून. श्वास ऐकू आला पाहिजे. शेवटचा स्वर लांबवायचा नाही, हलवायचा नाही, टाकून द्यायचा. घुमणं नको, लहान खोली. जुन्या टेपवर रेकॉर्ड केल्यासारखं. वीस-पंचवीस वेळा केलं. जवळ आलं, पण काहीतरी चुकत होतं आणि काय ते मला सांगता येईना.

तेव्हा मी उईके मास्तरांना फोन केला. देवरीचे उईके मास्तर पूर्वी गोंदियाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि माझ्याकडच्या शंभरेक गाण्यांत त्यांचा हात आहे. दोन वर्षं मी त्यांना बोलावलं नव्हतं. कारण तुम्हाला माहीत आहे. ते मोपेडवर आले, हेडफोन लावून ऐकलं, काढून ठेवले आणि म्हणाले, "मले काढून यंत्र आणलं, अन् यंत्राले शिकवाले मलेच बोलावलं."

मी म्हटलं, हो मास्तर, तसंच झालं आहे.

हे सरळ कबूल केल्यावर त्यांचा राग उतरला. म्हणाले, "पाह्य, याच्यात अंगठा सरळ चालते, रस्त्यानं माणूस जाते तसा. बोटं त्याच्या मागंपुढं खेळतात. तुह्या यंत्राचा अंगठा अन् बोटं एकाच टायमाले पडून राहिले. अन् गाणारा बराबर ठेक्यावर येऊन राहिला, सरकारी नोकर असल्यावानी. त्याले म्हन, थोडा उशिरा ये."

हे यंत्राला लिहून समजेना. पण आता यंत्राला नमुना ऐकवता येतो. मी मास्तरांना बारदानाच्या खोलीत बसवलं आणि त्यांनी तो अंगठा आणि ती बोटं दीड मिनिट वाजवून दिली. तो नमुना घातला आणि पुढच्याच गाण्यात गिटार चालायला लागली. आवाज यंत्राचा, चाल मास्तरांची. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "आता चोरी बराबर झाली." फाइलवर मी त्यांचं नाव घातलं. लग्नाचं आमंत्रणही मिळवून दिलं.

राहिले शब्द; तोवर कामचलाऊ शब्दांवर भागवलं होतं. ते पल्लवीनं लिहिले. भाऊंना वाटलं होतं 'श्री. अमुक अमुक यांचे स्वागत' असं येईल. तिनं पाठवलं ते वेगळंच होतं. नाव कोणाचंच नाही, सगळी नाती, आणि प्रत्येकाशी एकेक वाक्य. दवनीवाड्याच्या आत्या, तुमचा चहा बिनसाखरेचा ठेवला आहे. देवरीचे मामा, फोटोत हसायचं आहे. असं. आणि पहिली ओळ होती: 'मोठे बाबा, सायकल काढा, मला उशीर होऊन राहिला.'

मोठे बाबा म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ, सुखराम टेंभरे. आमच्याच रस्त्यावर त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांना मूलबाळ नाही. पल्लवीला शाळेच्या बसपर्यंत रोज सायकलच्या दांड्यावर बसवून त्यांनीच नेलं, शेतीचं कॉलेज दाखवलं त्यांनीच, आणि परदेशी जायला घरात सगळे नाही म्हणत असताना हो म्हणाले तेही तेच. आणि नेमकं त्यांनाच लग्नाचं शेवटी कळलं. ते आधी पल्लवीनं फोनवर आईला सांगितलं, आईनं बाबांना. भाऊ म्हणाले, दादांना नीट बसून सांगू, आणि नीट बसायला आठ दिवस लागले. तोवर बुधवारच्या बाजारात एका भाजीवालीनं मोठ्या बाबांना विचारलं, काहो, तुमच्या घरी गोरा जावई येऊन राहिला म्हणतात? ते त्या दिवसापासून भावाशी बोलत नव्हते. पल्लवीचा फोनही उचलत नव्हते. लग्नाला येईन असंही म्हणत नव्हते, येणार नाही असंही.

पल्लवीनं मला स्पष्ट सांगितलं होतं. "ताई, मोठे बाबा मांडवात नसतील तर मी हार घालणार नाही. थांबून राहीन." ती थांबली असती. ते घराणं तसंच आहे. म्हणून पहिली ओळ त्यांची, हे भाऊंनीही मान्य केलं होतं. गाणं ऐकलं की दादा येतील, असा त्यांचा हिशोब होता.

गाणं पूर्ण झालं. यंत्र 'ढ' नीट म्हणत नाही, ते सरळ करायला एक दिवस गेला. पहिली ओळ तर अशी आली होती की गाणारा जणू सायकलच्या दांड्यावरच बसून मागे वळून सांगतो आहे. सगळ्यात हळू तीच ओळ होती. मी स्वतः चार वेळा ऐकली.

आणि मग मी माझ्या नियमाप्रमाणे ते भोंग्यावर लावलं.

आता कोणी विचारेल की जे गाणं मांडवात लहान स्पीकरच्या पेटीवर वाजवायचं, ते भोंग्यावर तपासायचं कारण काय? कारण काही नाही. वीस वर्षांची सवय. आणि खरं सांगायचं तर मिरवायचंही होतं. गोरेगावात असलं गाणं कोणी केलं नव्हतं. दिवस बाजाराचा. मी बटण दाबलं, रस्ता ओलांडला, टपरीवर जाऊन उभी राहिले. मी पोचेपर्यंत पहिली ओळ नेहमीच संपलेली असते. ती मोठी असते, त्यामुळे बिघडत नाही. तिथून पुढचं ऐकलं. 'बाबा, पगडी सरळ करा,' स्पष्ट. आत्याचा चहा, स्पष्ट. मामा, स्पष्ट. कारण जसजसं गाणं पुढे जातं तसा आवाज थोडा उघडत जातो. मी समाधानानं चहा घेतला.

अर्ध्या तासात टेंभरे भाऊ आले. हातात पत्रिका. थोरल्या भावाला दिलेली पत्रिका परत आली होती.

"ताई, दादाले तुम्ही पहिलं घेतलं नाही काय?"

मी म्हटलं, पहिलेच आहेत.

"साऱ्या रोडनं ऐकलं. गिटार वाजली, अन् मंग डायरेक्ट माही ओळ. धाकट्याची. दादा दुकानातून उठून बाहेर येऊन उभे होते, गाणं संपेपर्यंत."

मी उठून गाणं परत लावलं, या वेळी आधी रस्ता ओलांडून भाऊंना बटण दाबायला सांगितलं. गिटार ऐकू आली. मग काहीच नाही, भोंग्याच्या तोंडाशी जरा खरखर. मग 'बाबा, पगडी सरळ करा.' भोंग्यानं मोठे बाबा पूर्ण गिळले होते. जे यंत्र कुजबुज गिळतं हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगते, त्याच्याच तोंडात मी ती ओळ दिली होती. आणि आता तर दुसऱ्यांदा दिली, साऱ्या रस्त्यासमोर.

भाऊ म्हणाले, मी जातो समजवाले. मी म्हटलं, तुम्ही बसा. चूक माझी आहे, मी जाते.

मोठे बाबा काउंटरवर बिलं लावत होते. वर पाहिलं नाही. मी सरळ सांगितलं की तुमची ओळ पहिलीच आहे, भोंग्यावर आली नाही, माझ्या दुकानात चला आणि ऐका.

"आता टाकली असन."

मी म्हटलं, आत्ता टाकायला मला निदान दिवस लागतो, यंत्राला 'ढ' येत नाही. याच्यावर त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "अन् पहिल्यापासून होती तर एवढी हळू काऊन? बाकीच्यायले मोठ्यानं अन् मले हळू. लपवून घेतलं काय मले?"

मी दुकानदार बाई आहे, मला गोड बोलता येत नाही. जे खरं होतं ते सांगितलं. ही गाण्याची पद्धत अशी आहे की जो जितका जवळचा त्याला तितकं हळू सांगायचं. मोठ्यानं बोलायचं ते लांबच्याला. बाबांना थोडं मोठ्यानं, आत्याला त्याहून मोठ्यानं, वऱ्हाड्यांना सगळ्यात मोठ्यानं. ही तुमची ओळ बाजारासाठी नव्हतीच. मी ती बाजारात लावली.

त्यांनी बिलं खाली ठेवली. "म्हणजे हेही मले बाजारातच कळलं."

ते खरं होतं. एकाच माणसाच्या बाबतीत एकच चूक आधी त्याच्या भावानं केली होती आणि मग मी. मी एवढंच म्हटलं की हो, आणि म्हणून न्यायला आले आहे.

ते आले. भाऊ दुकानातच होते. त्यांच्याकडे न बघता मोठे बाबा आत गेले. मी त्यांना बारदानाच्या खोलीत स्टुलावर बसवलं, लहान पेटी त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर ठेवली आणि गाणं लावलं. पहिली ओळ झाली तशी मी बंद करायला गेले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. पूर्ण ऐकलं. म्हणाले, परत लाव. परत लावलं. तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपाशी ते म्हणाले, "ही असंच म्हणे. रोज. अन् स्वतः वेणी घालून राहे तोवर."

गाणं संपल्यावर म्हणाले, "पल्लवीले सांग, मोठे बाबा येऊन राहिले म्हणून."

मी म्हटलं, मी काही सांगणार नाही. मी सांगायला लागले की ते भोंग्यावर जातं. फोन लावून देते, तुम्हीच बोला.

फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि दार ओढून बाहेर आले. त्या दाराला लहानशी काच आहे. काचेतून दिसत होतं की ते बोलत आहेत, मग ऐकत आहेत, मग पुन्हा बोलत आहेत. एकदा हसले. एकदा चष्मा काढला. ऐकू काही आलं नाही. तीन थर बारदान ठोकताना मला सुतार म्हणाला होता की दोन पुरे होतील, पण मी तीनच ठोकून घेतले होते. बाहेर मी आणि भाऊ बसलो होतो. भाऊंनी मला विचारलं, काय बोलत असतील? मी म्हटलं, भाऊ, त्या आठ दिवसांत तुम्हाला जे बोलायचं होतं तेच.

बाहेर आल्यावर मोठ्या बाबांनी भावाच्या हातातून पत्रिका काढून घेतली, खिशात घातली आणि म्हणाले, "पगडी खरंच सरळ करत जा." भावांचं बोलणं असं सुरू झालं.

लग्नाच्या दिवशी धुमाल होतंच, त्याशिवाय वरात आली असं कोणी मानलं नसतं. धुमालवाल्यांच्या पुढाऱ्याला जाऊन मी सांगितलं की आता थोडा वेळ शांतता पाहिजे. त्यानं विचारलं, "कितने मिनट?" मी म्हटलं, साडेतीन. तो म्हणाला, "ठीक है दीदी, तब तक चाय."

मांडवाच्या मधोमध स्टुलावर लहान पेटी ठेवली आणि गाणं लावलं. चारशे माणसांच्या मांडवात तेवढी पेटी पुरत नाही, हे मला माहीत होतं. मागच्यांना काही ऐकू येईना. मग त्यांनी खुर्च्या ओढल्या, काही उठून पुढे आले, एकमेकांना गप्प करू लागले. प्रत्येकाला आपली ओळ ऐकायची होती. दवनीवाड्याच्या आत्यांची ओळ खुर्चीच्या आवाजात गेली, त्यांनी गाणं परत लावायला लावलं. पुढच्या वेळी मामांची गेली, म्हणून पुन्हा. तीनदा वाजलं. धुमालवाल्यांचा दुसरा चहा झाला. आत्यांनी मला विचारलं, गाणारा कुठला? मी म्हटलं, कुठलाच नाही, यंत्र आहे. त्यांना पटलं नाही. म्हणाल्या, "चांगल्या घरचा वाटते."

व्होव्हो पुढच्या रांगेत शाल घेऊन बसली होती. तिची बोटं गुडघ्यावर मागेपुढे खेळत होती, अंगठा वेगळा, बोटं वेगळी. उईके मास्तरांनी मला कोपरानं ढोसून ते दाखवलं. गाणं संपल्यावर तिनं राफाएलला काहीतरी विचारलं. त्यानं आधीच तिला सगळ्या ओळींचा अर्थ सांगून ठेवला होता. पल्लवीनं मला सांगितलं की गिटार तिला तिच्या घरातलीच वाटली, आणि आता तिला सायकलवाला माणूस बघायचा आहे.

मोठे बाबा उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी तिला यंदाच्या धानाबद्दल आमच्या बोलीत सांगितलं. तिनं तिच्या भाषेत उत्तर दिलं. एकालाही दुसऱ्याचं कळत नव्हतं आणि बराच वेळ चाललं होतं. पल्लवीनं त्या दोघांकडे पाहून घेतलं आणि मगच हार घातला.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात तपासायला भोंग्याशिवाय ती लहान पेटीही असते. काम झालं की आधी ती पेटी, ज्याचं काम त्याच्या कानाशी, आणि मग छप्पर. उईके मास्तर महिन्यातून दोनदा येतात. यंत्राच्या चुका काढायला, असं ते सांगतात.

पेरणीच्या आधी मोठे बाबा आले. त्यांच्या दुकानाची जाहिरात करायची होती. म्हणाले, "त्या ब्राझीलवाल्या आवाजात करून दे. हळू."

मी म्हटलं, मोठे बाबा, रस्त्यावर ट्रॅक्टर चालतात, ऑटो चालतात. ऐकणार कोण?

"ज्याले बियाणं घ्याचं आहे," ते म्हणाले, "तो जवळ येईल."

करून दिली. ती त्यांच्या काउंटरवर तशाच एका लहान पेटीवर वाजते. मी समोरून जाते तेव्हा माणसं काउंटरवर कान टेकून उभी असलेली दिसतात.